दहावा माणूस मिळेना तेव्हा

मावशीला विचारा : या महिन्याची पत्रं

या खेपेला पाकिटं भिजून आली. पोस्टमनचा दोष नाही, वास्कोचा पाऊसच तसा. फ्रिजच्या मागच्या गरम जाळीवर वाळत घालून मग एकेक उघडली.

नव्या वाचकांसाठी नेहमीची आठवण. मी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नाही. माझे वडील रायगडातल्या एका मशिदीत हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, होते. (आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू लोक, सिनेगॉगला पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हणत आलो, त्यामुळे दचकू नका.) त्यांच्या मांडीवर बसून कानावर पडलं ते, पुढे वाचलं ते आणि अडलं तिथे रब्बींना विचारून घेतलं ते, एवढ्या भांडवलावर ही उत्तरं असतात. लग्न होऊन १९८६ साली गोव्यात आले. इथे माझ्या ओळखीची आमची मराठी बोलणारी घरं दोन्ही हातांच्या बोटांत संपतात, आणि बहुतेक प्रश्न त्यातूनच उगवतात.

मावशी, मी म्हापशाजवळ एका हॉटेलात कामाला आहे. तीन महिन्यांपूर्वी वडील पनवेलला वारले. अकरा महिने कद्दीश (गेलेल्यांसाठीची प्रार्थना) म्हणायचा, पण इथे दहा माणसं कुठून आणू? ठाण्याची प्रार्थना मोबाइलवर लावून त्यांच्याबरोबर म्हटला तर चालेल का? बहीण ठाण्यात असते. ती म्हणते, कद्दीश मी म्हणते, तर काका तिला गप्प बसवतात.

मोबाइलचं आधी सांगते. कद्दीश, बारखू आणि केदुशा या सामूहिक प्रार्थना, तसंच सेफेर तोराचं (धर्मग्रंथाच्या गुंडाळीचं) वाचन, यांना मिन्यान लागतं. मिन्यान म्हणजे तेरा वर्षं पुरी झालेले दहा पुरुष, आणि तेही एका जागी. पडद्यावर ठाण्याचे दहा जण दिसले तर त्यांचं मिन्यान पुरं आहे, त्यांच्या कद्दीशला तू इथून आमेन म्हण. पण तू इथे हॉटेलच्या खोलीत बसून म्हटलेला कद्दीश त्यांच्यात धरला जात नाही, असंच मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या रब्बींनी सांगितलं.

मग वडिलांचं काय? टेंभी नाक्याची मशीद, शार हाशामाईम, १८७९ सालापासून उभी आहे. तिथल्या एखाद्या नेमानं येणाऱ्या माणसाला वडिलांच्या नावानं कद्दीश म्हणायला सांग. नातेवाईक असला तर उत्तम, नसला तर थोडी दक्षिणा द्यायची रीत आहे. त्यात कमीपणा नाही. अकरा महिने का, तेही लक्षात ठेव. पाप्याचा न्याय बारा महिने चालतो असं तलमूदात, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, म्हटलंय. मुलानं बाराही महिने कद्दीश म्हटला तर आपल्या बापाला पापी ठरवल्यासारखं होईल, म्हणून एक महिना आधी थांबायचं. मला हा नियम फार आवडतो. एवढ्या शोकातही बापाची अब्रू राखलीय.

आणि एकट्यानं करण्यासारखं बरंच असतं, तिकडे कुणी बघत नाही. शेमा ('देव एकच' ही कबुली), अमिदा (उभ्यानं म्हणायची मुख्य प्रार्थना), सगळी रोजची प्रार्थना एकट्याला म्हणता येते. तेहिल्लीम, म्हणजे स्तोत्रं, त्यातलं ११९वं काढ. १७६ ओव्या आहेत, हिब्रूच्या प्रत्येक अक्षरासाठी आठ. वडिलांच्या हिब्रू नावातली अक्षरं घेऊन तेवढ्या आठ-आठ ओव्या म्हण. मिश्नाचा (तलमूदाच्या गाभ्यातल्या जुन्या नियमसंग्रहाचा) एक उतारा वाच. 'मिश्ना' आणि 'नेशामा' (आत्मा) या दोन शब्दांची हिब्रू अक्षरं एकच, फक्त उलटसुलट, म्हणून तो प्रघात पडला. आणि त्यांच्या नावानं कुणाला तरी चार पैसे दे, गुपचूप.

आता माझीच गोष्ट. यजमान गेले त्यानंतरची पहिली तिथी. मुलानं हट्ट धरला, कद्दीश याच घरात व्हायला हवा. डिसेंबर होता. स्कूटर घेऊन तो अंजुना-वागातोरला गेला आणि हॉटेलाहॉटेलांतून इस्राएली पोरं गाठून विचारत सुटला. हिब्रूतलं बोलणं असं त्याला एवढंच येत होतं, 'मिन्यान, बवकाशा'. मिन्यान हवंय, कृपा करा. चार वाजता आमच्या हॉलमध्ये सहा जण बसलेले. हाफ पँट, कानात बाळ्या, पायांना वाळू. मुलगा आणि माझे दीर धरून आठ. नववा म्हणून सुट्टीवर आलेला एक डॉक्टर मिळाला. दहावा काही येईना. दुपारची प्रार्थना, मिन्हा, सूर्यास्ताच्या आत व्हायला हवी. मी बाल्कनीत रस्ता बघत उभी, आत एक जण खिडकीशी हात लांब करून सूर्य क्षितिजावर किती बोटं उरलाय ते मोजतोय. तीन बोटं. दोन बोटं. पावणेसहाला टॅक्सी थांबली. उतरला तो मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेला. यजमानांची किप्पा (प्रार्थनेची टोपी) मी त्याच्या हातात दिली. तो इंग्रजीत म्हणाला, मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. म्हटलं, आमेन येतं ना? बस्स.

नंतर एका गृहस्थांनी मला हटकलं, असला माणूस मिन्यानात कसा धरलात? तलमूदातच लिहिलंय, पाप केलं तरी इस्राएल तो इस्राएलच. त्या मुलानं पाप केलं होतं की नाही हे तर मला माहीतही नाही. खोबऱ्याच्या करंज्या मात्र त्यानं चार खाल्ल्या.

म्हणून रोजचं मिन्यान जमणार नाही हे धरूनच चाल, पण वर्षश्राद्धाच्या दिवसासाठी आतापासून खटपट कर. हंगामात गोव्यात दहा माणसं मिळतात, जूनमध्ये मिळत नाहीत.

बहिणीचं. मुलीनं कद्दीश म्हणावा की नाही यावर रब्बींचं एकमत नाही. काही जण साफ नको म्हणतात. काही म्हणतात की पुरुषांचं मिन्यान चालू असताना बायकांच्या बाजूला उभी राहून तिनं हळू म्हणावा. तिचं म्हणणं मिन्यानात धरायचा प्रश्नच नाही, ते दहा पुरे आहेतच. काकांना हा दुसरा पक्ष माहीत नसेल तर सांग. माझं विचारशील तर, रोज सकाळी उठून टेंभी नाक्यावर जायला तयार असलेल्या लेकीला गप्प बसवून काकांकडून गेलेल्या भावाची सेवा होत नाही.

आजी ८ मार्च १९९८ ला दुपारी गेली. तिची तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला का येते? आणि वर्षात दोन अदार महिने आले की कुठल्या अदारात करायची? – फोंडा

तिथी म्हणालात ना, मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. आपल्याकडे श्राद्ध तारखेनं नाही, तिथीनं होतं, तसंच हे. ज्यू महिना चंद्राचा, वर्ष ऋतूंशी जुळवलेलं, म्हणून दर १९ वर्षांत ७ वेळा एक अधिक महिना घालतात. पंचांगातल्या अधिकासारखाच, फक्त तो नेहमी अदारच असतो. आजी गेली तो दिवस १० अदार, ज्यू वर्ष ५७५८. दुपारी गेली म्हणून १०, सूर्य मावळल्यावर गेली असती तर ११ धरावा लागला असता.

५७८७ या ज्यू वर्षी दोन अदार आहेत. अशा वेळी सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीनं दुसऱ्या अदारात करतात, अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातले) बहुधा पहिल्यात. बेने इस्राएल सेफार्दी रीतीचे. म्हणजे १८ मार्च २०२७, गुरुवारी संध्याकाळी सूर्यास्ताला दिवा लावायचा, तो शुक्रवारी सूर्यास्तापर्यंत तेवला पाहिजे. तेलाची पणती ठेवणार असाल तर रात्री एकदा उठावं लागेल, आणि खिडकी बंद ठेवा.

पणजीत सरकारी कार्यालयात आहे. दुपारची प्रार्थना कुठे म्हणू? टेबलाशी उभं राहायला संकोच वाटतो. हिब्रू अडखळत वाचतो, मराठीत म्हटली तर चालते का?

मराठीत चालते. मिश्नात स्पष्ट यादी आहे, शेमा, प्रार्थना आणि जेवणानंतरचा आशीर्वाद कुठल्याही भाषेत म्हणता येतात. एकट्यानं म्हणताना शक्यतो हिब्रूच धरावी असं पुढच्या ग्रंथकारांनी म्हटलंय, तेव्हा पहिला आशीर्वाद हिब्रूत घोकून ठेव आणि बाकीची मराठीत म्हण. आपल्या लोकांना मराठीचं वावडं कधीच नव्हतं. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाला वाचायचा हग्गादा हिब्रू-मराठीत छापला, आणि त्यातल्या चित्रात भाकऱ्या करायला बसलेल्या बायका चक्क लुगड्यात आहेत.

वेळ सोपी आहे. सूर्य डोक्यावरून ढळल्यावर अर्ध्या तासानं मिन्हाची वेळ लागते, गोव्यात साधारण एक वाजून पाच-दहा मिनिटांनी. तुझ्या जेवणाच्या सुट्टीत बसतं.

जागा सांगते. चर्चच्या चौकातली म्युनिसिपल बाग. पाय जुळवून उभा राहा, तोंड पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकतं. यरुशलेम त्या अंगाला. आमच्या कोकणातल्या आजोळीही तोंड समुद्राकडेच करायचे, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं देव बोटीनं येतो. दिशा कळली नाही तर मन तिकडे वळवलं की झालं.

बागेचं नाव ठाऊक असेलच, गार्सिया द ओर्ता. ज्यू कुळातला पोर्तुगीज वैद्य, १५३४ मध्ये गोव्यात आला, इथल्या औषधी झाडपाल्यावर लिहिलेलं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. बाहेरून ख्रिस्ती. तो १५६८ मध्ये मेला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची बहीण कातारिना हिला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. त्या भावंडांसाठी कद्दीश म्हणायची कुणाची छाती होती? आज त्याच्या नावाच्या बागेत तू उभा राहून अमिदा म्हणालास तर फार तर चणेवाला बघेल. संकोच करायचाच तर चण्याचा कर, प्रार्थनेच्या मध्येच विकत घ्यायचे नसतात.

मावशी, आई ८१ वर्षांची आहे, माझ्याकडे मडगावला असते. चार वर्षांपासून विसरायला लागली, आता फार झालंय. बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली, ती रोज विचारते, 'हे अजून आले कसे नाहीत?' खरं सांगितलं की आत्ताच ऐकल्यासारखी रडते. खोटं बोलू का? शब्बाथला स्वतः उठून गॅस लावते. शेमा एकदा म्हणून झाला की पुन्हा, पुन्हा. भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला असतो, तो म्हणतो शेमा लागोपाठ दोनदा म्हणायला मनाई आहे, तिला थांबव. आणि आईला आश्रमात ठेवायचं नावही काढू नकोस, आईबापाचा मान राखणं ही दहा आज्ञांतली आज्ञा आहे. रोज एक व्हॉइस मेसेज पाठवतो. माझे मिस्टर समजूतदार आहेत, पण मीच आता थकले.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सोप्यापासून सुरू करते.

आई गॅस लावते, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत, विस्तव पेटवायचा नसतो. ज्याची समज गेली त्याच्यावर आज्ञांचं बंधन राहत नाही. तिच्या हातून शब्बाथ मोडत नाही. रेग्युलेटर शुक्रवारी संध्याकाळी बंद करून ठेव, पण धर्मासाठी नाही, घर पेटू नये म्हणून. आणि कधी ज्योत लागलीच आणि धोका दिसला तर शब्बाथ असो नसो, धावत जाऊन बंद कर. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ बाजूला होतो, यात कुठल्याच रब्बीचं दुमत नाही.

शेमा. भावानं अर्धं वाचलंय. 'शेमा, शेमा' असं जोडून म्हणणाऱ्याला गप्प करावं असं आहे खरं, पण का? ऐकणाऱ्याला वाटेल की हा दोन देवांना हाका मारतोय. ८१ वर्षांची तुझी आई दोन देवांना हाक मारत्येय असं मडगावात कुणालाही वाटणार नाही. सगळं गेलं आणि शेमा तेवढा उरला, तर त्याला हात लावू नका.

आता बाबांचं. तुला खोटं बोलायची गरजच नाही. शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथात नियम आहे की आजारी माणसाचं कुणी जवळचं वारलं तर ती बातमी त्याला सांगायची नाही, त्याचं मन फाटेल म्हणून. त्याच्यासमोर रडायचंही नाही. तुझी आई आजारी आहे आणि तिच्यापुरती ती बातमी रोज नवी आहे, म्हणून रोज न सांगणं हाच नियम. 'आले नाहीत अजून' म्हण. ते खरंच आहे. किंवा विचार, 'आई, बाबा बाजारातून काय आणायचे गं?' माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं मला त्यांच्या मेलेल्या लेकीच्या नावानं हाक मारायच्या. पहिले सहा महिने मी दुरुस्त करत होते. मग एके दिवशी 'ओ' दिली. त्यांनी माझी वेणी घातली, घट्ट, जुन्या पद्धतीची, टाळू दुखेपर्यंत. मी पन्नाशीत होते. शांततेसाठी शब्द बदलायला मुभा आहे, तलमूद म्हणतो खुद्द देवानं साराचे शब्द अब्राहामाला बदलून सांगितले. ती म्हणाली होती, 'नवरा म्हातारा झालाय'. देवानं सांगितलं, 'ती म्हणते मी म्हातारी झाले'.

आता आश्रमाचं. इथे तुझा भाऊ एकटा नाही आणि तूही एकटी नाहीस, हे भांडण आठशे वर्षांहून जुनं आहे. रांबाम, म्हणजे बाराव्या शतकातले विद्वान मैमोनिदेस, लिहितात, ज्याच्या बापाची किंवा आईची बुद्धी ढळली त्यानं त्यांच्या कलानं वागायचा प्रयत्न करावा. पण फारच बिघडलं आणि त्याला सोसवेना, तर त्यानं त्यांना सोडून जावं आणि नीट सांभाळायला दुसऱ्यांना सांगावं. यावर त्यांचेच समकालीन, फ्रान्सचे रावाद, एका ओळीत उसळतात: हा निवाडा बरोबर नाही, मुलगाच सोडून गेला तर राखायला सांगणार कुणाला?

दोघांच्याही मागे तलमूदातली एक गोष्ट आहे. राव अस्सी म्हणून एक विद्वान होते, त्यांची म्हातारी आई. एकदा म्हणाली, मला दागिने हवेत. त्यांनी केले. म्हणाली, मला नवरा हवा. बरं, बघतो म्हणाले. म्हणाली, तुझ्यासारखा देखणा हवा. तेव्हा ते उठले आणि आईला सोडून इस्राएलच्या भूमीला निघून गेले. काही दिवसांनी कानावर आलं, आई मागोमाग येत्येय. ते गुरूकडे धावले, देश सोडून तिला सामोरं जाऊ का? गुरू घुटमळले. तेवढ्यात कळलं की येत्येय ती तिची शवपेटी. अस्सी म्हणाले, हे ठाऊक असतं तर मी निघालोच नसतो.

ही गोष्ट रांबामांच्या बाजूची की रावादांच्या, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझे वडील म्हणायचे, अस्सींची चूक जाण्यात नव्हती, मागे कुणाला ठेवलं नाही यात होती.

म्हणून तुला सांगते ते असं. दिवसभरासाठी बाई ठेवणं म्हणजे सोडून जाणं नव्हे. रात्रीसाठीही ठेव. तेवढ्यानं निभलं नाही, तुझी प्रकृती ढासळली, आई रात्री दार उघडून रस्त्यावर जायला लागली, तर आश्रम ही रांबामांनी दाखवलेली वाट आहे, पाप नाही. फक्त ते 'नीट सांभाळायला सांगावं' हे शब्द पुरे कर. मडगावजवळ राहील असं बघ, रोज नाही तर दिवसाआड जा, तिची ताटवाटी आणि तवा वेगळा नेऊन ठेव. नन्सच्या आश्रमात मांसाचा प्रश्न येईल, तर सरळ सांग, आईला मांस नको, अंडी, भाजी, पेज आणि खवल्याचा मासा. बांगडा न कळणारी नन गोव्यात सापडायची नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिथे जाऊन तिच्यासमोर दिवे लाव, हात तिच्या डोळ्यांवर धर. शब्द ती स्वतः म्हणेल, बघ.

आणि भाऊ. मान म्हणजे काय हे तलमूदात मोघम सोडलेलं नाही. खाऊ घालावं, पाजावं, कपडे घालावेत, पांघरूण घालावं, आत आणावं, बाहेर न्यावं. यातलं एकही काम व्हॉइस मेसेजवर होत नाही. खर्च आधी आईच्या पैशातून, ते संपले की मुलांनी. उलट लग्न झालेल्या मुलीचे हात संसारात बांधलेले म्हणून तिला सूट दिलीय, तुझे मिस्टर आड येत नाहीत म्हणून तू बांधलेली. त्याला तर तेवढीही सूट नाही. त्याला माझ्या नावानं कळव की दहा आज्ञांतली ती आज्ञा अश्दोदला लागू आहे. वर्षातले दोन महिने येऊन त्यानं रात्रीची पाळी धरावी आणि मग आश्रमावर मत द्यावं.

एकच गोष्ट आणखी. आपलं शिकलेलं विसरलेल्या म्हाताऱ्याचा मान ठेवा असं सांगताना तलमूद आठवण देतो की मोशेनं फोडलेल्या, दहा आज्ञांच्या पहिल्या दगडी पाट्या टाकून दिल्या नव्हत्या. साबूत पाट्यांबरोबर त्यांचे तुकडेही कराराच्या पेटीत ठेवले होते.

माझ्या डिचोलीच्या फ्लॅटमध्ये ज्यू भाडेकरू आलेत. दाराच्या चौकटीवर तिरकी डबी चिकटवलीय. रंगकाम काढायचंय. काढून ठेवली तर त्यांना चालेल का? ती नक्की कशासाठी?

विचारलंत हेच चांगलं. ती मेझुझा. आत चर्मपत्रावर हातानं लिहिलेल्या २२ ओळी आहेत, ७१३ अक्षरं, त्यात शेमा. आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या एक-तृतीयांश भागात लावतात. घर तुमचं असलं तरी जबाबदारी राहणाऱ्याची, इस्राएलबाहेर भाड्याच्या घरात महिनाभराच्या आत लावावी लागते. तुम्ही काढू नका, त्यांना सांगा, रंगाच्या दिवशी ते काढतील आणि वाळल्यावर लावतील. त्यावर रंगाचा हात मारलात तर तिची उघडझाप होत नाही. सात वर्षांतून दोनदा उघडून तपासायची असते, आणि गोव्याच्या दमटपणात एक अक्षर जरी फुटलं तरी ती बाद होते. भाडेकरूला सांगा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घाल. वल्हांडणाच्या सुमारास दाराशी हाताच्या पंजाचा ठसा दिसला तर घाबरू नका, तीही आमच्याकडची जुनी चाल.

दोन ओळींत. बेळगावच्या नववधूला: मटणाच्या शागुतीत नारळाचा रस चालतो, ते दूध नव्हे. बघणाऱ्याचा गैरसमज नको म्हणून ताटाशेजारी खोबऱ्याचा तुकडा ठेव, १६व्या शतकात क्राकोव्हच्या रब्बी मोशे इस्सर्लेसनी बदामाच्या दुधासाठी हेच सांगितलंय. सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या, तिसऱ्या, मोरी नाही. बांगडा, तारले, पापलेट हो. सासूबाई सुंगटांसाठी रुसल्या तर रुसू देत.

किद्दूशला दुकानातली गोव्याची पोर्ट वाइन चालेल का? – वास्को

नाही. किद्दूश, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीचा पेल्यावरचा आशीर्वाद, त्याला द्राक्षाची दारू ज्यू देखरेखीखाली झालेली लागते. आपल्या आज्यांनी यावर तोडगा काढलेलाच आहे, काळ्या मनुकांचं शरबत. मनुकांच्या रसावर किद्दूश होतो, शुल्हान आरूखमध्ये तसं आहे, अट एकच की मनुका दाबल्यावर त्यांच्यातून रस निघाला पाहिजे. वाळून खडखडीत झालेल्या घेऊ नका. शुक्रवारी सकाळी दोन मुठी मनुका धुऊन पेलाभर कोमट पाण्यात टाका. पाणी जास्त झालं की ते मनुकांचं पाणी होतं, शरबत नाही. इथल्या उकाड्यात रात्रभर भिजवू नका, फसफसतं. चार वाजता हातानंच कुस्करा, मिक्सर लावला की बिया कडवट उतरतात. मलमलीच्या फडक्यातून पिळा. रंग काळपट विटकरी यायला हवा. त्यावर 'बोरे पेरी हगेफेन' म्हणा.

शनिवारी रात्री शब्बाथला निरोप देणाऱ्या हब्दालाला काजूची फेणी चालेल का, असं तुम्ही खाली बारीक अक्षरात विचारलंय. जिथे द्राक्षरस मिळत नाही तिथे हब्दाला त्या देशाच्या मुख्य पेयावर करता येतो, आणि गोव्यात ते कुठलं याबद्दल वाद नाही. पण शरबत उरलेलं असेल तर मिळत नाही असं कसं म्हणणार? यजमान दर शनिवारी मुद्दाम शरबत संपवून ठेवायचे.

ता. क. म्हापशाच्या मुला, वडील गेले ती इंग्रजी तारीख तू लिहायला विसरलास. तीही कळव आणि वेळही, सूर्यास्ताआधी की नंतर. तिथी डिसेंबर-जानेवारीत येत असेल तर माझा मुलगा म्हणतो, स्कूटर आहे.